लँडलाइनवरून हजर

नववीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. आदल्या पेपरानंतर आम्ही दोघी शाळेच्या फाटकाशी तिखट-मीठ लावलेली कैरी खात उभ्या होतो आणि सोमवारी भेटूच म्हणून घाईघाईने निघालो. तिची बस आली होती, माझी व्हॅन हॉर्न वाजवत होती. मागे वळून बघावं असं दोघींनाही वाटलं नाही. वाटायचं काही कारणच नव्हतं.

शाळा माणिकपूरला होती. आम्ही आधी तिथेच भाड्याने राहायचो. मग वडिलांनी बोळिंजला एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये सहाव्या मजल्यावर घर घेतलं. शाळा बदलू, असं आई म्हणत होती, पण मी जेवण सोडलं, रडले, आणि शेवटी व्हॅन लागली. हे सगळं मी शाळेसाठी केलं असं घरचे समजत होते. खरं तर ते तिच्यासाठी होतं. पाचवीपासून ती माझ्या बाकावर होती.

तिचं घर वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या एका ख्रिस्ती गावात. त्यांची वाडी होती, केळीची आणि भाज्यांची. आमच्याशी ती आमच्यासारखंच बोलायची, पण शाळेत तिची आई न्यायला आली की एका क्षणात भाषा बदलायची. त्यांची घरची बोली मला अर्धीच कळायची. ती बोलताना तिचा आवाजही वेगळा व्हायचा, जरा मोकळा, जरा खालचा. मला तो आवाज फार आवडायचा आणि तो माझ्यासाठी नसायचा.

लॉकडाऊन लागलं. वडिलांचा वालीवचा कारखाना बंद झाला. रुग्ण सापडला म्हणून आमच्या बी विंगची वाट बांबू बांधून बंद केली गेली. पहिले काही दिवस सुट्टीसारखे गेले, मग ती सुट्टी संपेना. पावसाळ्यात आमचे दहावीचे वर्ग आईच्या मोबाइलवर सुरू झाले. छोट्या छोट्या चौकोनांत ओळखीचे चेहरे दिसले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी स्क्रीनला हात लावला. मग मी तिला शोधलं. बोट सरकवून पुढची पानं बघितली. ती नव्हती. बाईंनी हजेरी घेतली, तिचं नाव आलं, कोणी बोललं नाही, बाई पुढच्या नावाकडे गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तिच्या पपांना फोन लावला.

"बाळा, फोन माझ्यासोबत असतो सकाळचा," ते म्हणाले. मागे टेम्पोचं इंजिन धडधडत होतं. "मार्केट बंद ना, मी सोसायट्यांमध्ये भाजी घेऊन फिरतो. सगळ्या ऑर्डरी याच्यावरच येतात. आणि घरी या मोबाइलला रेंज पण धड नाही. तू असं कर, घरच्या लँडलाइनवर लाव."

मी वडिलांच्या फोनवरून लँडलाइन लावला. बराच वेळ वाजला. मग कोणीतरी धावत आल्यासारखा आवाज आला.

"कोण?"

"मी."

ती हसायला लागली, मग मी. मग ती म्हणाली, "शाळेत काय चाललंय?"

शाळेत! जणू मी रोज दप्तर घेऊन माणिकपूरला जात होते आणि ती तापाने घरी होती. मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात आईच्या फोनवर वर्ग सुरू झाला. मी म्हटलं, "बाई आल्या, ठेवते."

"थांब. ठेवू नको," ती म्हणाली. "बाईंचा आवाज येतोय मला."

मी वडिलांचा फोन आईच्या फोनशेजारी टेकवून ठेवला. पुढचे कितीतरी महिने ते दोन फोन सकाळी असेच एकमेकांना टेकून बसले.

भाषेच्या तासाला काही अडचण नव्हती. इतिहासालाही नव्हती. अडायचं ते भूमितीला. बाई फळ्यावर आकृती काढायच्या आणि म्हणायच्या, "हा कोन या कोनाएवढा, बरोबर?" वर्ग म्हणायचा बरोबर. तिला बिचारीला ना हा दिसायचा ना तो. मग मी तोंड फोनजवळ नेऊन हळू आवाजात सांगायला लागले.

"वर्तुळ काढ."

"केवढं?"

"बशीएवढं."

"बशी ठेवूनच काढते. हं, पुढे?"

"आता बाहेर एक बिंदू. उजवीकडे."

"किती बाहेर?"

"जरा लांब. तिथून वर्तुळाला स्पर्श करून जाणारी रेघ. कापायची नाही, नुसती टेकवायची."

"स्पर्शिका म्हण ना सरळ!"

भूमिती मला तोवर कधीच आवडली नव्हती. पण तिला सांगायचं म्हणून मी आकृतीकडे नीट बघायला शिकले. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हे मला सांगावं लागायचं. एखादी रेघ विसरले तर तिचं सगळं गणित फिसकटायचं आणि ती वैतागायची. "तू बघतेस कुठे?" असं ओरडायची. मला ते ओरडणंही हवं असायचं.

आणि तिच्याकडून माझ्याकडे काय काय यायचं! आमच्या सहाव्या मजल्यावर तेव्हा लिफ्टचा आणि अँब्युलन्सचाच आवाज उरला होता. तिच्या रिसीव्हरमधून कोंबडा आरवायचा, पंप सुरू व्हायचा, पाणी पाटातून धावायचं. चर्चची घंटा व्हायची. तिची आई लांबून काहीतरी विचारायची आणि ती रिसीव्हरवर हात ठेवून त्यांच्या बोलीत उत्तर द्यायची. हात नीट बसायचा नाही, मला सगळं ऐकू यायचं. मी त्या आवाजांवरून त्यांचं घर रचलं होतं. दार कुठे, पंप कुठे, कोंबड्या कुठे. इतिहासाचा तास चालू असायचा आणि मी त्या घरात फिरत असायचे.

एकदा भूमितीच्या तासाला माझा माइक चुकून सुरू राहिला.

"मध्येच कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं. "कसली बशी?"

मुलं हसली. वर्गात फोनवर बोलायला सक्त बंदी होती. मी अडखळत सगळं सांगितलं. तिच्या घरी मोबाइल नसतो, ती लँडलाइनवर आहे, मी तिला आकृती सांगतेय. बाई खडू ठेवायला बाजूला झाल्या. त्यांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ तेवढं दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "आत्ता आहे ती?"

"हो बाई."

"तुझा तो फोन माइकजवळ धर बघू."

मी धरला. बाईंनी तिचं नाव घेतलं, हजेरीला घेतात तसंच, आडनावासकट. पलीकडे नुसती खरखर झाली. मग तिच्या हॉलमधून, लँडलाइनमधून, वडिलांच्या फोनमधून, माझ्या हातातून तिचा आवाज आला, "हजर, बाई."

कोणीच हसलं नाही. मग एकाने माइक सुरू करून तिला हाक मारली, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच एकदम. इतका गलका झाला की बाईंना "पुरे, पुरे" म्हणावं लागलं. त्या दिवसापासून बाई फळ्यावर काढता काढता मोठ्याने सांगायच्या. "मी आता डावीकडे खाली बिंदू घेतेय, त्याला नाव देतेय." तास संपताना विचारायच्या, "फोनवर ऐकणाऱ्यांना कळलं का?" आमच्यात फोनवर ऐकणारी ती एकटीच होती, पण बाई नेहमी अनेकांना विचारल्यासारखं विचारायच्या. माझं काम निम्मं झालं. मला जरा चुकल्यासारखंही वाटलं.

गणपतीनंतर वडिलांचा कारखाना परत सुरू झाला. त्या सकाळी ते डबा घेऊन दाराशी उभे राहिले आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

"अहो, फोन विसरलात," आई म्हणाली.

"असू दे. हिला लागेल सकाळी."

"आणि तुम्हाला वाटेत काही झालं तर? दिवस कसले आहेत!"

"कारखान्याशेजारच्या गाळ्यात फोन आहे. नंबर लिहून ठेवलाय कॅलेंडरवर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिची दहावी आहे ना?"

माझीही होती, पण ते तसं म्हणाले. वर्षभर ते वालीवला फोनशिवाय गेले. यायला उशीर झाला की आई गॅलरीत उभी राहायची आणि माझ्याशी बोलायची नाही.

एकदा ती स्वतः आली. तिच्या पपांच्या टेम्पोची ऑर्डर आमच्या कॉम्प्लेक्समध्ये होती, आणि ती हट्ट करून पुढच्या सीटवर बसून आली होती. मला आधी काहीच माहीत नव्हतं. फोन वाजला, तिच्या पपांचा नंबर, आणि आवाज तिचा. "गॅलरीत ये."

मी धावले. खाली फाटकाबाहेर टेम्पो उभा होता. लोकांनी अंतर ठेवून उभं राहावं म्हणून रस्त्यावर पांढरी वर्तुळं रंगवली होती. त्यातल्या एका वर्तुळात मास्क लावलेली एक मुलगी मान वर करून उभी होती.

"दिसतेय का मी?" फोनमधून आवाज आला. खालच्या मुलीने हात हलवला. आवाज कानाशी आणि ती इतकी खाली, मला दोन्ही जोडताच येईना.

"दिसतेयस. केस कापलेस?"

"मम्मीने कापले. वाकडे झालेत. वरून कळतंय?"

"नाही कळत."

"मग बरंय." तिने पायाखाली बोट दाखवलं. "मी केंद्रबिंदू झालेय बघ."

मी आईला विचारलं, खाली जाऊ का, फाटकापर्यंतच. आमच्याच मजल्यावरच्या काकांना दोन दिवसांपूर्वी दवाखान्यात नेलं होतं. आईने नाही म्हटलं, पण म्हणताना ती माझ्याकडे बघू शकली नाही. लोकांनी भाजी घेतली, पिशव्या उचलल्या, वर्तुळं एकेक करून रिकामी झाली. टेम्पो सुरू झाला तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढला होता. वळणावरून तो दिसेनासा झाला. फोन मात्र चालूच होता. रेंज जाईपर्यंत आम्ही बोलत होतो. वॉचमनने तिने पाठवलेली पिशवी वर आणून दिली. दोडकी होती, आणि वर केळीच्या पानात बांधलेला मोगऱ्याचा गजरा. आईने पिशवीवर सॅनिटायझर मारलं. गजऱ्यावर मारू दिलं नाही मी.

ते काका परत आले नाहीत. त्यांच्या दाराबाहेरच्या चपला बरेच दिवस तशाच होत्या.

शाळा उघडणार, उघडणार म्हणता वर्ष सरलं. आम्ही ठरवलं होतं की परीक्षेचं केंद्र एकच आलं तर पेपर संपल्यावर दिवसभर माणिकपूरला फिरायचं, परत जायची घाई करायची नाही. मग परीक्षाच रद्द झाली. टीव्हीवर बातमी सांगत होते तेव्हा ती फोनवरच होती. वर्गातली पोरं ग्रुपवर नाचत होती. ती म्हणाली, "म्हणजे उद्यापासून वर्ग नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसता पंपाचा आवाज येत राहिला.

वर्ग नसला तरी आम्ही त्याच वेळेला फोन करत राहिलो. मे महिन्यात वादळ आलं. आमच्या इमारतीच्या काचा फुटल्या, लाइट गेले. चार्जिंग मिळाल्याबरोबर मी तिचा नंबर लावला. नुसती रिंग होत राहिली. रोज लावला. रोज रिंग व्हायची, आणि मला वाटायचं, आता कोणीतरी धावत येईल. शेवटी तिच्या पपांचा मोबाइल लागला. त्यांची केळ सगळी आडवी झाली होती, खांब पडले होते, टेलिफोनच्या तारा वाडीत लोळत होत्या. घरातली माणसं ठीक होती. "लाइन काय आता परत देत नाहीत वाटतं," ते म्हणाले. मी ज्या घरात वर्षभर राहिले होते तिथे रिंग वाजत नव्हतीच, ती फक्त माझ्या कानात वाजत होती.

निकालाची कागदपत्रं न्यायला शाळेने गटागटाने बोलावलं. तिची वेळ माझ्या आधीची होती. मी पोचले तर ती फाटकाबाहेर थांबलेली. किती वेळ थांबली होती ते तिने सांगितलं नाही. उंच झाली होती. आम्ही एकमेकींसमोर उभ्या राहिलो आणि माझ्या तोंडातून आलं, "बरी आहेस?"

"हो. तू?"

"मी पण."

बस. रोज तासन् तास बोलणाऱ्या आम्ही, पण शब्द सुचेना. सोडा प्यायला गेलो तेव्हा तिने मास्क खाली केला. तो चेहरा ओळखीचा होता आणि आवाजही ओळखीचा होता, पण ते एकत्र बघायची माझी सवय गेली होती. ती बोलली की मी तिच्या ओठांकडे बघत बसायचे. तिच्याही ते लक्षात आलं असावं. शाळेशेजारच्या चर्चच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसल्यावर ती म्हणाली, "असं कर, माझ्याकडे बघू नको. रिक्षांकडे बघ आणि बोल."

आम्ही दोघी समोरच्या रिक्षा स्टँडकडे बघत बसलो. आणि काय नवल, हळूहळू बोलणं आलं. वादळाचं, केळीचं, आमच्या मजल्यावरच्या काकांचं, पुढे कोण काय घेणार त्याचं. संध्याकाळ होईपर्यंत बोललो. शाळेचा शिपाई फाटक लावायला आला तेव्हा कुठे उठलो. निरोप समारंभ आमच्या बॅचला मिळाला नाही. आमच्यासाठी तो तेवढाच.

पुढे तिला स्वतःचा मोबाइल मिळाला, घरात रेंज येणाऱ्या कंपनीचा. अकरावीही सुरुवातीला घरातूनच होती, तिने सायन्स घेतलं, मी विरारला कॉमर्स. आता तिला तिचा वर्ग स्वतःच दिसत होता. कोणी आकृती सांगायची गरज नव्हती. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण सकाळी वर्ग सुरू झाला की माझा हात शेजारच्या रिकाम्या जागेकडे जायचा. आमचे फोन रोजचे होते ते आठवड्याने झाले, मग सणावारी. बारावीनंतर ती नर्सिंगला पुण्याला गेली.

गेल्या नाताळात ती सुट्टीवर आली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले. दार उघडं होतं, समोर कोणी नव्हतं. मी हाक मारली, "मावशी, आहात का?"

आतून तिची आई हात पुसत आली. आम्ही एकमेकींना शाळेच्या फाटकाशी दुरूनच काय ते बघितलेलं. पण ती दारात पोचायच्या आधीच माझं नाव घेत आली. "आवाज ओळखला मी," ती म्हणाली. "वर्षभर माझ्या हॉलमध्ये होतीस तू."

घर मी रचलं होतं तसं नव्हतं. पंप मला वाटला होता त्याच्या उलट बाजूला होता. हॉल लहान होता. मला उगाच हिरमुसल्यासारखं झालं. तेवढ्यात ती स्वतः आली आणि मला वाडीत घेऊन गेली. नवी केळ लावली होती, वाढलीही होती. वाडीतल्या तळ्याच्या काठावर, त्याला ते बावखल म्हणतात, आम्ही बसलो. ती वॉर्डातल्या रुग्णांबद्दल सांगत होती. मी ऐकत होते, आणि मध्येच, खूप दिवस मनात असलेलं बोलून गेले.

"मला ना, ते वर्ष परत हवंसं वाटतं. लोकांचं काय काय गेलं त्यात, म्हणून कोणाला सांगत नाही. पण त्यातली एक सकाळ मिळाली तरी चालेल."

ती पाण्याकडे बघत राहिली.

"मला नको," ती म्हणाली. "तुला राग येईल, पण मला नको. कान दुखायचा माझा. रिसीव्हर बदलून बदलून. तुम्ही सगळे हसायचात, मला कळायचंच नाही का हसताय ते. तू नंतर सांगायचीस, तेव्हा हसून काय उपयोग? मला तुझ्या शेजारी बसायचं होतं गं. बाकावर. फोन नको होता मला."

इतकी वर्षं मी जे जपून ठेवलं होतं ते तिच्याकडे असं होतं. मला राग आला नाही. रोज सकाळी ती माझ्या अगदी जवळ असते असं मी समजत होते, आणि ती तिकडे माझी वाट बघत होती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू फोन करायची थांबली असतीस." मग ती माझ्याजवळ सरकली. खांद्याला खांदा लागला, वर्गात लागायचा तसा. "आणि मग माझी दहावी कोणी केली असती?"

आतून तिच्या आईने हाक मारली, त्यांच्या बोलीत. तिने तिथूनच त्याच बोलीत उत्तर दिलं, आणि मग माझ्याकडे वळून, काही न बदलता, त्याच बोलीत मला काहीतरी म्हणाली. मला अर्धंच कळलं. जेवायला चल, असं असावं. मी उठले नाही. "अजून एकदा म्हण," असं मी तिला म्हटलं, आणि ती हसत, हळूहळू, एकेक शब्द सोडवून मला सांगायला लागली.